तेविसावा खंड, चोविसावा खंड

देवासला एकेकाळी सगळं दोन-दोन होतं. राजे दोन, दरबार दोन, आणि वाचनालयंही दोन. रस्त्याच्या एका अंगाला थोरली पाती, म्हणजे थोरल्या राजाचं संस्थान, दुसऱ्या अंगाला धाकटी. मोरोपंत धाकट्या पातीचे ग्रंथपाल. पुस्तकांत कडुनिंबाचा पाला घालावा, कपाटाच्या काचा स्वतः पुसाव्यात आणि पुस्तक मागायला आलेल्याकडे संशयाने बघावं, असा त्यांचा दिनक्रम होता. जगातल्या अर्ध्या ज्ञानाची जबाबदारी आपल्यावर आहे असं ते मानत. उरलेल्या अर्ध्याची त्यांनी कधी चौकशी केली नाही.

हे अर्ध्याचं प्रकरण खरंच तसं होतं. उदाजीराव नावाच्या एका सरदारांनी मरताना आपला इंग्रजी ज्ञानकोश, चांगले चोवीस जाडजूड खंड, दोन्ही पात्यांना मिळून दिला. दोन्हीकडच्या शहाण्यांनी बसून न्यायाने वाटणी केली. विषम खंड थोरलीला, सम खंड धाकटीला. अन्याय झाला तो फक्त वाचणाऱ्यावर, पण त्याला त्या बैठकीला कोणी बोलावलं नव्हतं. छापणाऱ्याने खंड पाडले होते जाडी बघून, त्यामुळे लेख मध्येच तुटत. पुढचं वाचायचं तर रस्ता ओलांडून रीतसर अर्ज करायचा. तो मंजूर होईपर्यंत माणसाची जिज्ञासा निवून जाई.

अठ्ठेचाळीस साली संस्थानं विलीन झाली. पुढे कॉलेज निघालं तेव्हा दोन्ही वाचनालयं त्याच्या एका लांबलचक खोलीत आणून ओतली. खोली एक झाली, बाकी काही झालं नाही. पूर्वेच्या भिंतीला थोरलीची कपाटं, त्यांच्यापुढे तिकडचे ग्रंथपाल जगदेवराव. पश्चिमेच्या भिंतीला धाकटीची, त्यांच्यापुढे मोरोपंत. ज्याची किल्ली त्याच्याकडे. दोघांत वैर नव्हतं बरं का. रोज नमस्कार होई, संक्रांतीला तिळगूळ होई. पण खोलीच्या मधोमध अजून रस्ता आहे हे दोघांनाही स्पष्ट दिसे. पोरं बिचारी दोन अर्ज लिहून दमत आणि शेवटी परीक्षेला गाइडं वाचून जात.

छप्पन्न सालच्या माघात जगदेवरावांना अर्धांगाचा झटका आला. ते घरी खाटेला खिळले आणि किल्ली त्यांच्या उशाखाली राहिली.

नेमकी त्याच वेळी मोरोपंतांची मुलगी इंदू अडली. ती इंटर सायन्सला होती. पुढे शिकायला इंदूरला जायचं तर शिष्यवृत्ती हवी, आणि शिष्यवृत्तीसाठी देवमाशावर निबंध हवा, सोमवार संध्याकाळपर्यंत. देवमासा इंग्रजीत डब्ल्यूवर, म्हणून तिने वडिलांकडून शेवटचा, चोविसावा खंड मागून घेतला, अर्ज देऊनच. पहिलं पान उघडून तिने पहिली ओळ दोनदा वाचली.

"नाना, हा तर एकदम वर येतोय. पण खाली गेला कधी? आणि मुळात हा आहे कसा?"

"ते तेविसाव्यात. थोरलीकडे," मोरोपंत म्हणाले.

प्रिन्सिपलसाहेब ग्वाल्हेरकडचे, नवे. त्यांना यात काही अवघड दिसेना. "पंडितजी, ताला तुड़वा दीजिए. बच्ची का साल चला जाएगा."

मोरोपंतांनी मान हलवली. धाकटीच्या माणसाने थोरलीचं कुलूप तोडायचं म्हणजे चाल करून जाणं. विलीनीकरण झालं म्हणून काय झालं?

इंदूने वाद घातला नाही. घरी येऊन तिने वही मिटली आणि आईबरोबर भाकऱ्या थापायला बसली, जणू आता जन्मभर हेच करायचं आहे. ते बघून मोरोपंत अर्ज लिहायला बसले. त्या पोरीवर त्यांचा फार जीव होता.

रविवारी सकाळी त्यांनी कोट चढवला, टोपी घातली आणि रस्ता ओलांडला.

दारात जगदेवरावांच्या पत्नी जमुनाबाई उभ्या होत्या. "अगं बाई, भाऊजी, आज इधर कसे?" म्हणत त्यांनी आत नेलं.

जगदेवरावांची उजवी बाजू लुळी पडली होती, जीभ जड झाली होती. त्यांनी मोरोपंतांकडे पाहिलं आणि एकच शब्द उच्चारला. "अर्ज?"

मोरोपंतांनी खिशातून अर्ज काढून त्यांच्यापुढे धरला. जगदेवरावांनी तो शेवटपर्यंत वाचला.

"तारीख नाही."

मोरोपंतांनी तारीख घातली.

"मंजूर." डाव्या हाताने त्यांनी उशाखालून किल्ली काढली, पण सोडली नाही. "एक विचारू? तो मासा वर आला का हो?"

"कुठला मासा?" मोरोपंतांनी विचारलं.

"तेविसाव्याच्या शेवटच्या पानावर बुडी मारतो," जगदेवराव थांबत थांबत म्हणाले. "श्वास रोखून खोल जातो. तिथं पान संपतं. तीस वर्षं झाली. मला वाटतं, मेला असेल."

"मग अर्ज करायचा होतात."

"थोरलीनं? धाकटीकडे?"

हे मोरोपंतांना पूर्ण पटण्यासारखं होतं.

"आला वर," ते म्हणाले. "पहिल्याच ओळीत. हे एवढं कारंजं उडवत."

जगदेवरावांचं अर्धं तोंड हसलं. डोळे मात्र दोन्ही भरून आले. मोरोपंतांना स्वतःची लाज वाटली. ती ओळ इतकी वर्षं त्यांच्या कपाटात होती, आणि हा माणूस रोज समोर बसून नमस्कार करत होता.

किल्ली हातात आली. मोरोपंत उठले.

"ते वाचायची फार इच्छा आहे," जगदेवराव म्हणाले, "पण हात चालत नाही. आता अर्ज कसा लिहू?"

"अर्जाची गरज नाही," मोरोपंत म्हणाले. "उद्या इंदूचं लिहून झालं, की दोन्ही खंड घेऊन येतो. बुडी मारण्यापासून वाचू."

पुस्तक इमारतीबाहेर नेऊ नये, हा नियम दोन्ही पात्यांत एकच होता. तो त्यांना घरी पोचल्यावर आठवला, आणि त्यांनी तो कोणाला सांगितला नाही.