समोरून येणारा हात

आमच्या गल्लीत, जिंतूरला, शिवलिंगअप्पांचं किराणा दुकान आहे. माणूस तराजूच्या काट्यासारखा सरळ आणि तितकाच कोरडा. पोराची मोटरसायकल दारात उभी असली तरी हे परभणीला जाणार एसटीनेच. हेल्मेटचं नाव काढलं की म्हणायचे, "डोकं शिजवायचं हाय का?"

तोच माणूस गेल्या वर्षी ऐन उन्हाळ्यात हेल्मेट घालून, काळी काच खाली ओढून रोज परभणीला जायला लागला, तेव्हा गल्ली हसली. आज काय तर हिंग संपला, उद्या काय तर गूळ. मला मात्र हसणाऱ्यांचा संताप यायचा. हेल्मेट बसवेश्वरचं होतं, गाडीही त्याचीच, आणि बसवेश्वर नुकताच काविळीने गेला होता. अप्पांचा एकुलता एक पोरगा.

बसू परभणीत बियाण्यांच्या दुकानात कामाला होता. या रस्त्यावर रोज ये-जा करणारे मोटरसायकलवाले एकमेकांना हात करतात. नाव-गाव काही माहीत नसतं. डावा हात हँडलवरून उचलायचा, समोरच्याने उचलायचा, झालं. मला तो रिकामा उद्योग वाटायचा. बोरीच्या अलीकडे बसूला रोज एक काळ्या गाडीवाला भेटायचा. घरी येऊन बसू आईला, म्हणजे गंगम्माला, सांगायचा, "आज आपला दोस्त दिसला न्हाई, आजारी पडला की काय!" दोस्ताचं नाव विचारलं तर म्हणायचा, "ते काय म्हाईत?"

बसूला माती दिल्यानंतर अप्पा एकदा कामासाठी त्याची गाडी घेऊन निघाले. पोलीस अडवतात म्हणून हेल्मेटही घातलं. बसूने गाडीच्या आरशाला बांधलेला केशरी रुमाल लांबूनच ओळखून काळ्या गाडीवाल्याने हात वर केला. अप्पांनीही केला.

"गुरुजी," ते मला नंतर म्हणाले, "साऱ्या जिंतूरला म्हाईत हाय आमचा बसू गेला म्हणून. ह्या एकाला न्हाई. त्याच्यापुरता आमचा बसू रोज कामाला जायलाय."

एवढ्यासाठी ते रोज जात होते. माझे डोळे भरून आले आणि रागही आला, कोणावर ते कळेना.

मग एके दिवशी डोळे तपासायला म्हणून मी त्यांच्या मागे बसलो. बोरीच्या अलीकडे गाडीची चेन उतरली. आम्ही खटपट करतोय तोच समोरून काळी गाडी आली आणि थांबली. तिशीतला माणूस उतरला, त्याने सीटखालून पाना काढला. अप्पा काच खालीच ठेवून गप्प उभे राहिले. आवाजावरून म्हातारा माणूस ओळखू येईल म्हणून त्यांनी खोकलासुद्धा दाबून धरला होता.

"सरका जरा अप्पा," तो म्हणाला, "मी बसवतो."

बसूसारख्या बाविशीच्या पोराला कोण अप्पा म्हणेल?

अप्पांनी काच वर केली. "तुला कसं कळलं?"

सूर्यभान त्याचं नाव. मान खाली घालून चेन बसवता बसवता तो बोलला, "पोरगा नुस्ता हात वर करायचा. तुमी हात केला अन् मंग छातीला लावला. पैल्याच दिवशी समजलं, हे घरचं थोरलं माणूस हाय. बोरीत जिंतूरच्या एकाला इचारलं, तवा सगळं कळलं."

अप्पा लिंगायत. कुणाला शरणार्थ म्हणून नमस्कार करताना त्यांचा हात आपोआप गळ्यातल्या लिंगाकडे जातो. जन्माची सवय ती, हेल्मेटने झाकली जाणार थोडीच!

"मंग रोज हात कशाला करायलतास?"

"तुमी करायलते म्हणून."

अप्पा रस्त्याच्या कडेला मटकन बसले. "म्हंजी ह्याला बी म्हाईत होतं, गुरुजी," एवढंच म्हणाले. पोराला माती देताना ज्याच्या डोळ्यांत टिपूस आलं नव्हतं, तो माणूस नांगरलेल्या वावराकडे तोंड करून ओक्साबोक्शी रडला. सूर्यभान ग्रीसने माखलेले हात तसेच धरून उभा राहिला. आपलं काही चुकलं असं त्याला वाटलं असावं. त्याचं काहीच चुकलं नव्हतं.

गाडी आता दारात उभी असते. गंगम्मा ती रोज पुसते, आरशाचा केशरी रुमाल धुऊन पुन्हा बांधते. अप्पा पुन्हा एसटीने जातात, पण ड्रायव्हरच्या बाजूची खिडकी मिळाली नाही तर ती बस सोडून देतात. परवा मी शेजारी होतो. बोरी जवळ आली, समोरून काळी गाडी दिसली, तसा अप्पांनी खिडकीत हात वर केला आणि छातीला लावला.

सूर्यभानने वर पाहिलंच नाही. तो समोरून येणाऱ्या मोटरसायकलींचे आरसे बघत चालला होता.