एक दिवसाचं गिऱ्हाईक

माझ्या इकाम्यावर, म्हणजे सौदीतल्या राहण्याच्या परवान्यावर, माझा धंदा 'मेंढपाळ' असा लिहिलेला होता. अकरा वर्षांत मी एका मेंढराला हात लावला नाही. कफीलला, म्हणजे मला बोलावून घेणाऱ्या मालकाला, व्हिसा त्या धंद्याचा मिळाला, म्हणून त्यानं मला त्यावर आणलं आणि बाहाच्या डोंगरातल्या आपल्या दबाबच्या अड्ड्यावर उभं केलं. दबाब म्हणजे चार जाड टायरांची मोटारसायकल. त्या डोंगरात अरअरचं जंगल आहे, सुरूसारखीच पण वाकडीतिकडी झाडं, आणि त्यातून मातीच्या वाटा. जेद्दाची माणसं उन्हाला कंटाळून वर येतात, दबाब भाड्यानं घेतात, आणि आमच्यातला एकजण पुढे राहून त्यांना दिवसभर फिरवून आणतो. अकरा वर्षं तो एकजण मीच होतो. दुरुस्तीवालाही मीच.

मग सौदीकरण आलं. गिऱ्हाइकासमोरची सगळी कामं सौदी माणसानंच करायची, असा हुकूम. कफीलनं आपला भाचा आणून बसवला. तिशीचा, दोन मुलांचा बाप, स्वभावानं गोड, आणि कामाला असा की बघणाऱ्याचं रक्त आटावं. त्याला शिकवायचं मी, आणि मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये लपून गाड्या दुरुस्त करायच्याही मीच. लेबर ऑफिसचे तफ्तीशवाले, म्हणजे तपासनीस, धाडी घालत फिरत होते. मेंढपाळाच्या हातात पाना दिसला असता तर कफीलला दंड झाला असता आणि मला बोटांचे ठसे घेऊन घरी पाठवलं असतं, परत यायला बंदी.

घरी जायला माझी ना नव्हती. पण पुढच्या महिन्यात माझी बायको गावातल्या बायकांच्या ग्रुपबरोबर उमऱ्याला, मक्केच्या यात्रेला, येणार होती. अकरा वर्षांत तिनं हा मुलुख पाहिला नव्हता. मी रजा काढून मक्केत तिला भेटणार, तिच्याबरोबर उमरा करणार, असं ठरलं होतं. ती रोज फोनवर विचारायची, "अवो, तुमास्नी काय आनू? कुळीद आनू काय?" तेवढा एक महिना मला कुणाच्या डोळ्यांवर यायचं नव्हतं.

तफ्तीश आली की काय करायचं, याची त्या भागात एक रीतच पडून गेली होती. दुकानात सापडलेल्या परदेशी माणसानं गिऱ्हाईक व्हायचं. मोबाइलच्या दुकानातला माझा एक केरळी दोस्त स्वतःच्याच काउंटरसमोर उभा राहून स्वतःच लावलेला भाव जास्त आहे म्हणून हुज्जत घालायचा. आमच्याकडे तर सोपं होतं. डोक्यावर हेल्मेट चढवलं की झालं.

त्या शनिवारी सकाळी मी पुढच्या अंगणात एका गाडीचा प्लग साफ करत होतो. भाचा धावत आला. चेहरा पांढरा. "आला! गेल्या आठवड्यात शेजारच्या हॉटेलात तफ्तीशला आलेला तो!" मी प्लग बसवला, पाना खिशात कोंबला, हेल्मेट घातलं आणि गाड्या न्याहाळत उभा राहिलो. तो आला. चाळिशीचा, गोल अंगाचा, हसरा माणूस. एकटाच. त्यानं दिवसभरासाठी दबाब मागितली. मी सुटलो म्हणणार इतक्यात, कुणी काही विचारलेलं नसताना, भाचा माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "हेसुद्धा दिवसभरासाठीच आलेत."

दिवसभरासाठी! तासाभराचं म्हणाला असता तर त्याच्या जिभेला काय काटे टोचणार होते? पण शब्द गेला होता. आम्ही तिघं निघालो. भाचा पुढे, तो साहेब मध्ये, आणि ज्याला त्या जंगलातली मुळी न् मुळी ठाऊक होती तो मी शेवटी, हँडल वेडंवाकडं धरून.

पहिल्या चढालाच साहेबांच्या गाडीतून काळा धूर यायला लागला. भाच्यानं त्या गाडीचा चोक ओढून इंजिन चालू केलं होतं आणि गरम झाल्यावर चोक परत ढकलायचा तो ढकललाच नव्हता. हे त्याला मी रोज सांगत होतो. अगदी काल संध्याकाळीही सांगितलं होतं. आता सांगता येत नव्हतं, कारण मी गिऱ्हाईक! मी हेल्मेटच्या आत दात खात धूर गिळत राहिलो.

"पहिल्यांदाच का?" साहेबांनी मागे वळून विचारलं. आमचं बोलणं अरबीत, माझं मोडक्या अरबीत.

"हो," मी म्हणालो.

"घाबरू नका. मी शिकवतो."

आणि त्यानं शिकवलं! आडव्या उतारावर त्यानं मला खालच्या बाजूला झुकायला सांगितलं. वरच्या बाजूला झुकायचं असतं हे ओरडून ओरडून माझा घसा बसलेला. पण नव्या गिऱ्हाइकाला हे कुठून ठाऊक असणार? मी खाली झुकलो. वरची दोन चाकं उचलली, मी गाडीसकट अरअरच्या बुंध्यात गेलो आणि शर्टाची बाही फाटली. "बघा, हळूहळू जमतं," साहेब म्हणाले.

पुढे वाट फुटते तिथे भाचा डावीकडे वळला. डावीकडे कोरडा ओढा आहे, नुसते धोंडे. शहाणा माणूस उजवीकडे जातो. त्या धोंड्यांवरून तासभर आमची हाडं खिळखिळी झाली, आणि सावलीत थांबल्यावर भाच्याला आठवलं की पाण्याची पेटी अड्ड्यावरच राहिली. मला वाटलं, याला इथेच झाडाला बांधून ठेवावं. साहेबांनी आपल्या पिशवीतून खजूर आणि गाव्याचा, म्हणजे अरबी कॉफीचा, थर्मास काढला आणि पहिला कप मला दिला. माणूस वाईट असता तर बरं झालं असतं. त्या चांगुलपणानं माझी चिडचिड आणखीच वाढली.

जुहरची, दुपारच्या नमाजाची वेळ झाली. आम्ही झाडाखाली खडे बाजूला केले. मी मागे उभा राहणार, तर साहेबांनी माझा दंड धरून मला पुढे केलं. "तुम्ही आमच्यात मोठे. तुम्ही पढवा." सकाळपासून ज्याला फसवत होतो त्याचा इमाम व्हायचं! मी नको नको म्हणालो, त्याला तो विनय वाटला. मी नमाज पढवली, पण तेवढा वेळ माझ्या पाठीत कुणी बोट रुतवून धरल्यासारखं वाटत होतं. लाज वाटली. खरंच वाटली.

नमाजनंतर साहेबांची गाडी चालूच होईना. होणार कशी? सकाळभर चोक ओढलेला. प्लग काजळीनं भरला असणार, हे मला बसल्या जागी कळत होतं. भाच्यानं आधी पेट्रोल बघितलं. मग टायर बघितले. टायर! मग दोघं आळीपाळीनं स्टार्टर दाबत बसले. बॅटरीचा आवाज खाली खाली जात होता. भाचा गाडीला हलवत होता, साहेब तिला अल्लाचं नाव घेऊन चुचकारत होते. मी एका दगडावर बसलो होतो. तोंड मिटून बसायचं, एवढंच काम माझ्याकडे होतं. बॅटरी मेली असती तर फार तर काय, चालत परत गेलो असतो. गिऱ्हाईक चालत परत जातं आणि घरी जाऊन शिव्या देतं.

भाच्यानं अकराव्यांदा की बाराव्यांदा स्टार्टर दाबला आणि माझा तोल गेला.

"हो बाजूला!" मी मराठीतच ओरडलो. त्याला ढकललं, खिशातून प्लगपाना काढला, प्लग खोलला, फाटक्या बाहीला पुसला, नखानं काजळी खरवडली, परत बसवला, चोक आत ढकलला, बटण दाबलं. गाडी पहिल्याच दमात बोलली. सगळं मिळून दोन मिनिटं. केवढं समाधान वाटलं म्हणून सांगू!

मग मी वर बघितलं. साहेब माझ्या हातातल्या पान्याकडे बघत होते.

"हा माणूस कोण?" त्यांनी भाच्याला विचारलं.

"गिऱ्हाईक," भाचा म्हणाला. कानाच्या पाळ्या लाल झालेल्या. दिवसभरात त्यानं माझ्यासाठी केलेलं ते एकमेव धड काम, आणि तेही त्याला धड जमलं नाही.

"गिऱ्हाईक प्लगपाना घेऊन फिरतं?"

मी पाना खाली ठेवला. "मी यांच्याकडे काम करतो. अकरा वर्षं," म्हणालो, आणि इकामा पुढे केला. तो त्यांनी वाचला. हसले नाहीत. इकामा मला परत दिला.

"मी आज सुट्टीवर होतो," ते म्हणाले. "नुसता फिरायला आलो होतो. तुम्ही शेडमध्ये बसून राहिला असता तर मी तुम्हाला पाहिलंही नसतं."

मी भाच्याकडे बघितलं. तो जमिनीकडे बघत होता.

"उद्या मी ड्युटीवर असेन," साहेब म्हणाले. "मी कागद लिहिला तर तुमच्यावर बंदी येईल. त्याआधी कफीलकडून स्वतःच फायनल एक्झिट, कायमचं परत जायचा कागद घ्या, म्हणजे पुन्हा कधीतरी येता येईल. मला याहून जास्त करता येत नाही." मी एक महिना मागितला. बायकोचं सांगितलं. त्यांनी मान खाली घातली आणि नाही म्हणाले. "माझ्याऐवजी दुसरा कुणी आला तर तो एवढंही ऐकणार नाही."

परतीला ते मला म्हणाले, तुम्ही पुढे व्हा, मगरीबच्या आत, सूर्य बुडायच्या आधी पोचवा. मी पुढे झालो. पोचवलं.

कफीलनं आठ दिवसांत कागद हातात ठेवले. दंडाची भीती टळल्याचा त्याला आनंदच असावा. मी गावी आलो. बायकोचा व्हिसा झालेला, ग्रुपचं तिकीट बदलत नव्हतं, आणि उमरा माझ्यापायी कशाला चुकवायचा, असं मीच तिला म्हणालो. घरी पोचून मला पंधरा दिवस झाले नाहीत तो ती निघाली. एसटी स्टँडवर तिला सोडायला मी गेलो होतो. अकरा वर्षं ती मला सोडायला यायची.

मक्केहून तिचा फोन आला तेव्हा मी एकटाच पडवीत बसलो होतो. हरमचा, मक्केच्या मोठ्या मशिदीचा आवाज मागून येत होता. ती आधी रडली, मग तिनं काबा कसा दिसला ते सांगितलं.

"अवो," ती म्हणाली, "हरमात बसले तवा येका बाजूला बायका, येका बाजूला भिंत. मी सारकी वळून बघत व्हते. तुमी असताव तर."

मी बरं म्हणालो. दुसरं काय म्हणणार? मला त्या जंगलात दोन मिनिटं गप्प बसता आलं असतं, तर भिंतीच्या जागी मी असतो.