दोनदा वाचल्याशिवाय पोस्ट नाही

मुलांनो, साऱ्या नांदेडात पोटात एकही गुपित न राहणारा माणूस शोधायचा झाला, तर आपल्या समोरच्या घरातले फलाटवाले आजोबाच सापडतील. कारण त्यांना हळू बोलताच येत नव्हतं. सगळी नोकरी त्यांनी बसस्टँडवर, चौकशीच्या काचेमागे, माईकसमोर काढली. भोकर, कंधार, माहूर, लातूर अशी गावं दिवसभर पुकारायची आणि प्रत्येक गोष्ट दोनदा सांगायची, हे त्यांच्या अंगात इतकं भिनलं की माणूस निवृत्त झाला तरी घसा स्टँडवरच राहिला. वरणात मीठ कमी पडलं की "कृपया लक्ष द्या" इथपासून सुरुवात व्हायची. त्यांच्या घरच्या, आमच्या वहिनी आतून ओरडायच्या, "अहो, एकदा सांगितलं तरी कळतंय, मी काय माहूरची बस धरायला निघाले का?" एका लग्नात चुकून त्यांच्या हाती माईक आला, तर त्यांनी नवरीच्या मामांना फलाट क्रमांक तीनवर बोलावलं. मामा बिचारे मांडवाबाहेर जाऊन फलाट शोधत होते.

आमच्या गल्लीच्या युवक मंडळाचे सगळ्यात म्हातारे सभासदही तेच. मंडळ संध्याकाळी आपल्याच ओट्यावर भरायचं, कारण फोनला रेंज इथेच बरी. रक्तदान शिबिर असो की तुंबलेली नाली, मंडळाची प्रत्येक पोस्ट आधी मी, शाळेत बाई होते तेव्हाच्या सवयीने, शुद्धलेखनासाठी बघायची आणि मग आजोबा ती उभं राहून मोठ्याने वाचायचे. त्यांचा नियमच होता. "तोंडासमोर म्हणता येत न्हाई ते फोनवर टाकायचं न्हाई. अन् दोनदा वाचायचं. एकदा लिहिणाऱ्यासाठी, दुसऱ्यांदा ज्याच्यावर लिहिलंय त्याच्यासाठी." वाचून झालं की विचारायचे, "टाकू का?" सगळे म्हणायचे, "हाव, टाका." मगच पोस्ट सुटायची. एकदा एका पठ्ठ्याने कुठल्याशा पुढाऱ्याच्या पोटावर काहीबाही लिहिलं. आजोबांनी ते खणखणीत वाचायला घेतलं आणि नेमकी त्याची आई भाजीची पिशवी घेऊन समोरून आली. दुसरं वाचन झालंच नाही. पठ्ठ्याने स्वतःच ते पुसून टाकलं आणि मुकाट्याने आईच्या हातातली पिशवी घेतली.

मंडळाची सचिव प्रणिता. तिची आई अंगणवाडीत सेविका, आणि ती स्वतः पोलीस भरतीसाठी रोज पहाटे पळायची. गल्लीच्या टोकाला नवी अभ्यासिका बांधून झाली, आपल्या भागातल्या पुढारी साहेबांच्या हस्ते उद्घाटनही झालं, पण दाराचं कुलूप काही निघेना. प्रणिताने कुलपाचा फोटो काढून खाली लिहिलं, "फीत कापून झाली, नारळ फोडून झाला. आता कुलूपही उघडावं, ही विनंती. आम्ही पुस्तकं घेऊन पायरीवर बसलो आहोत." मी एक स्वल्पविराम घातला, आजोबांनी दोनदा वाचलं, सगळे म्हणाले, "हाव, टाका."

दुसऱ्या दिवशी दुपारी मोटारसायकलींनी गल्ली भरली. साहेबांचे कार्यकर्ते होते.

"साहेबांची बदनामी करून राहिले तुम्ही! हात जोडून माफीचा व्हिडिओ टाका, न्हाई तर ठाण्यात तक्रार देतो. कोण ती सचिव?"

प्रणिताचा चेहरा उतरला. भरतीच्या आधी चारित्र्याची पडताळणी होते. तिथे तक्रार निघाली की पळणं, अभ्यास सगळं पाण्यात. ती मला म्हणाली, "बाई, करते मी व्हिडिओ. भरती गेली तर मायला काय तोंड दाखवू?" मी तिच्यासाठी खुर्ची उजेडात ओढली. तिने हात जोडले, एवढ्यात समोरच्या घरातून आजोबा आले. अर्धी दाढी झालेली, अर्ध्या गालावर साबण.

"कृपया लक्ष द्या!"

त्यांनी पोस्ट पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत वाचली, आणि दुसऱ्यांदा वाचली ती त्या पोरांच्या म्होरक्यासमोर उभं राहून. मग फोन त्याच्यापुढे धरला. "ह्यात शिवी कुठंय, बोट ठेव बेटा."

तो त्यांच्याकडे बघतच राहिला. "काका, स्टँडवर तुम्हीच होता का? आमची माय तुमच्या आवाजावर कंधारची बस धरायची!"

"लई उशिरा यायची ती बस," आजोबा म्हणाले. कार्यकर्तेसुद्धा हसले. पण तो पोरगा मान खाली घालून म्हणाला, "काका, आम्हाला वरून सांगितलंय. कोणाचं तरी नाव द्यावंच लागंल."

"मग माझं दे. मी वाचल्याशिवाय हितून पोस्ट सुटत न्हाई. माझं नाव दे." दोनदा सांगितलं.

तक्रार त्यांच्याविरुद्धच झाली. त्यांना काही वेळा ठाण्यात बोलावलं. तिथला हवालदार हात जोडून म्हणायचा, "काका, जरा हळू, वायरलेस ऐकू येत न्हाई." शेवटी त्यातून काही निघालं नाही. पण त्यांचा मुलगा लातूरहून आला, म्हणाला, "बाबा, ह्या वयात ठाण्याच्या चकरा?" आणि आजोबांना नि वहिनींना तिकडेच घेऊन गेला. निघताना आजोबा ओट्यापाशी आले आणि "येतो बाई" म्हणाले. एकदाच, आणि अगदी हळू.

घाबरलेल्या आईबापांनी मंडळाचं पान बंद करायला लावलं. प्रणिता भरती झाली, आता प्रशिक्षणाला आहे. कुलूप तिथेच आहे. परवा वहिनींचा फोन आला. म्हणाल्या, "फ्लॅटमध्ये शेजारचे तक्रार करतात ना, आता हळू बोलायला शिकलेत हो हे." त्यांनी ते आनंदाने सांगितलं. मी मात्र फोन ठेवून हे लिहायला बसले.

हे सगळं तुम्हाला पाठवण्याआधी मी ओट्यावर उभी राहून मोठ्याने वाचलं. दुसऱ्यांदा वाचलं ते लातूरच्या रस्त्याकडे तोंड करून. वाचून झाल्यावर विचारलंही, "टाकू का?" समोरची खिडकी बंद होती. थोडा वेळ वाट पाहिली, आणि पाठवलं.