रानातल्या देवळाचा लेख

दगड दिसला की मामा त्यावर बाटलीतलं पाणी ओतायचे आणि म्हणायचे, “आता बोलंल बगा.” ओल्या दगडावर पुसट अक्षरं दिसतात, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं.

मामा रोह्याच्या आमच्या शाळेत शिपाई होते. जवळच्या निडी गावाच्या वरच्या रानात एक पडकं जैन देऊळ आहे : चौथरा, दोन खांब आणि मुंडकी उडालेल्या बैठ्या मूर्ती. दर रविवारी मामा तिथे जाऊन झाडलोट करायचे. “एक लेख गावला ना सर, मंग सरकार धावत येल.”

आम्ही तिघा मास्तरांनी पेणच्या एका पाथरवटाकडून लेख कोरून घेतला. अक्षरं मी काढून दिली, जुन्या लिपीतली. दगड जुना दिसावा म्हणून ताकात भिजवून चौथऱ्यापाशी पुरला.

सोमवारी मामा पेढे घेऊन आले. “लेख गावला, सर!” आम्ही पेढे खाल्ले.

त्यांनी पत्रं लिहून शहरातून एक तज्ज्ञ बोलावला. मुलांनाही रानात नेलं. तज्ज्ञ वाकला, आणि हसत मोठ्याने वाचू लागला, “अ, आ, इ, ई...”

मुलांनी सुरात पुढे म्हटलं, “उ, ऊ!”

मामांनी आमच्याकडे पाहिलं. “माजी चूक झाली,” एवढंच तज्ज्ञाला म्हणाले.

पुढच्या वर्षी रस्त्याच्या ठेकेदाराने भिंतीसाठी देवळाचे दगड उचलायला घेतले. मामा कचेरीत गेले, तर तिथला कारकून म्हणाला, “अआइईवाले ना तुम्ही?”

ते माझ्याकडे आले. “लेख कुनी केला ते मला ठाव हाय सर. ते नका सांगू. देऊळ खरं हाय, येवढंच सांगा. मास्तरांचं ऐकतील.”

देऊळ खरं म्हणायचं, तर खोटं कुणाचं होतं हे विचारलं गेलं असतं. मी “बघू” म्हणालो आणि तासाला गेलो.

जेसीबी आला त्या दिवशी मामा चौथऱ्यावर बसून राहिले. दोघांनी त्यांना बखोटीला धरून उचललं आणि बाजूला ठेवलं. कुणीतरी व्हिडिओ काढला. दुपारी तो आमच्या स्टाफरूममध्ये पोचला. त्यानंतर मामा शाळेत आले नाहीत. डोलवीला मुलीकडे गेले, आणि तिथेच वारले असं कळलं.

तो व्हिडिओ अजून माझ्या फोनमध्ये आहे. मामा कॅमेऱ्याकडे बघून हात जोडून काहीतरी सांगताहेत. वर कुणीतरी लग्नातलं नाचाचं गाणं लावलंय. त्याखाली ते काय म्हणाले, ते ऐकूच येत नाही.