थोरलीने शिवलेला पंख

टेलरमास्तरांचं दुकान कोटांसाठी नावाजलेलं. त्यामुळे फ्लाइंग क्लबचे सेक्रेटरी दारात उभे राहिले, तेव्हा मास्तरांनी सवयीने टेप गळ्यातून काढली. सेक्रेटरी म्हणाले, "कोट नको. विमानाचा पंख शिवायचाय."

तेव्हाची छोटी विमानं म्हणजे लाकडी सांगाडा आणि त्यावर ताणून शिवलेलं कापड. मास्तरांना आता बारीक टाका दिसत नसे. त्यांनी थोरल्या मुलीकडे बोट दाखवलं. "हिला न्या. हिचा हात माझ्याहून साफ आहे." एकोणीस वर्षांची ती सडपातळ मुलगी पाहून सेक्रेटरींचं तोंड वाकडं झालं, पण दुसरं कोणी मिळतही नव्हतं.

थोरली कामाला लागली. मेण लावलेला दोरा, हातभर लांब सुई, पंखाच्या आरपार टाका आणि दर टाक्याला वेगळी गाठ. एक सुटली तरी शेजारची सुटता कामा नये. वरून उग्र वासाचा लेप. तो वाळला की टिचकी मारली तर वाजावं असं कापड ताठ व्हायचं. तिच्या अंगाला येणाऱ्या त्या वासाने धाकटी बहीण नाक दाबून जेवायची. मास्तर मात्र गिऱ्हाइकाचं माप घेता घेता ऐकवायचे, "आमच्या थोरलीने शिवलेलं कापड उडतं बरं का. तुमचा कोट फार तर ऑफिसात जाईल."

दोन वर्षांनी एका शनिवारी सकाळी, उतरायला आलेल्या विमानाच्या पंखाचं कापड टराटरा फाटत गेलं आणि विमान मैदानाच्या कडेला आपटलं. शिकाऊ विद्यार्थ्याचा पाय मोडला, शिकवणाऱ्या कॅप्टनच्या खांद्याचं हाड मोडलं. जिवावरचं पायावर निभावलं. पण दुपारपर्यंत बाजारभर झालं, की शिंप्याच्या मुलीची शिवण उसवली.

मास्तर कात्री हातात धरून नुसतेच बसले होते. थोरली म्हणाली, "बाबा, मला तो पंख बघायचाय. तुम्ही बरोबर चला."

विमानं ठेवायच्या हँगरमध्ये सेक्रेटरी म्हणाले, "आता बघून काय होणार?"

"चूक माझी असेल तर माझी म्हणेन. पण बघितल्याशिवाय नाही."

ती जमिनीवर आडवी होऊन फाटक्या पंखाखाली सरकली. बराच वेळ नुसती बोटं फिरत होती. मग तिने हाक मारली, "बाबा, मी सांगत नाही. तुम्हीच हात लावून बघा."

मास्तरांनी डोळे मिटले आणि शिवणीवर बोट ठेवलं. गाठ, गाठ, गाठ. मग वीतभर जागेत गाठच नाही. बिनमेणाचा बारीक दोरा, साधा धावदोरा, आणि फाट तिथूनच सुरू झालेली. त्यांनी मान हलवली. "हा टाका आमच्या घरचा नव्हे."

क्लबचे मुख्य मेकॅनिक भिंतीपाशी उभे होते. ते पुढे आले. "माझा आहे. गेल्या आठवड्यात पंख कुंपणाला घासला. ही रजेवर होती. सेक्रेटरीसाहेबांना विमान त्याच दिवशी हवं होतं. मी टाके घातले, वरून लेप फासला. सकाळीच बोलायला हवं होतं मी."

सेक्रेटरींचा चेहरा उतरला. तरी ते पुटपुटले, "यांना कामावरून काढावं लागेल."

"काढू नका," थोरली उठून हात झटकत म्हणाली. "ही गाठ त्यांना कोणी शिकवलीच नव्हती. मी शिकवते. पण यापुढे कापडाला धक्का लागला, तर मी बघितल्याशिवाय विमान हलायचं नाही."

सेक्रेटरींनी मास्तरांकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघता?" मास्तर म्हणाले. "तिला विचारा."

सोमवारी तो नियम सेक्रेटरींनी स्वतःच्या हाताने फळ्यावर लिहिला. तिच्या दुप्पट वयाचे मेकॅनिक आठवडाभर तिच्यासमोर स्टुलावर बसून गाठी मारत आणि सोडवत राहिले. पुढे पंधरा वर्षं तिने तिथे काम केलं. त्या काळात इंजिनं बंद पडली, चाकं मोडली, एक विमान तर झाडात अडकलं. पण कापड पुन्हा कधी सुटलं नाही.

अपघातानंतर काही महिन्यांनी, खांदा बरा झाल्यावर कॅप्टननी दुरुस्त विमानापाशी येऊन विचारलं होतं, "पंख कोणी तपासला?"

"मी."

"मग बसा पुढच्या सीटवर."

विमान उडालं तेव्हा मास्तर ठेवणीतला कोट घालून कुंपणाशी उभे होते. शेजारच्याने विचारलं, भीती नाही का वाटत? वाटत होती, हे त्यांनी नंतर घरी कबूल केलं. तेव्हा मात्र ते मान वर करून एवढंच म्हणाले, "माझी मुलगी आहे ती वर."

थोरली उतरली ती विस्कटलेल्या केसांनी, लाल डोळ्यांनी. कसं वाटलं म्हणून वडिलांनी विचारायच्या आतच ती म्हणाली, "डाव्या टोकाला लेप पातळ झालाय, बाबा. उद्या लवकर यायला हवं."