किल्लीमावशी आणि भिंतीवरची पेटी

किल्लीमावशीचा नवरा सरकारी शाळेत शिपाई होता. तो गेला आणि त्याच्या जागी हिला घेतलं, त्याला वर्ष होत आलं. शेजारणी म्हणायच्या, एकदा रडून घे गं, मोकळी होशील. पण रडू येईल तर ना. सकाळी साडेसातला कुलूप काढायचं, घंटा द्यायची, पाणी भरायचं, साडेपाचला कुलूप घालायचं. चहा गार असला तरी प्यायची, गरम असला तरी प्यायची. जिभेला काही कळेनासं झालं होतं.

राज्यातल्या सगळ्या सरकारी शाळांना इंटरनेट द्यायचं ठरलं, तसं हिच्याही शाळेत आलं. मोठ्या बाईंच्या, म्हणजे मुख्याध्यापिकेच्या खोलीत भिंतीला एक पांढरी पेटी ठोकली. तिच्यावर हिरवा दिवा. मावशी ती रोज पुसायची, कपाट पुसावं तशी. शाळेत गणिताला शिक्षक नव्हता. आता दूरच्या शहरातल्या एक बाई पडद्यावरून शिकवायच्या, आणि मागच्या बाकावरच्यांनाही नाव घेऊन उठवायच्या. त्यामुळे गणिताच्या तासाला वर्गात आधी कधी नव्हती एवढी शांतता असायची.

मग इंटरनेटच्या मुख्य कचेरीतून पत्रं सुरू झाली. तुमची लाईन निम्म्याहून जास्त वेळ बंद दिसते. या महिन्यातही असंच राहिलं तर पेटी काढून दुसऱ्या शाळेला देऊ. मोठ्या बाईंनी उलट कळवलं की इथे तास नीट चालतात. वायरवाला दोनदा येऊन खांबावर चढला. यायचा भर दुपारी, हिरवा दिवा बघायचा, 'सर्व ठीक' लिहून सही घेऊन जायचा.

तिसऱ्यांदा तो एक लांबलचक छापील कागद घेऊन आला. मावशी चहा घेऊन आत गेली तेव्हा तो कागद टेबलावर पसरला होता.

"बाई, तुमची लाईन आजारी नाही," तो म्हणाला. "झोपाळू आहे. रोज साडेपाचला झोपते, साडेसातला उठते. रविवारी तर डोळाच उघडत नाही."

"मग आमच्यापेक्षा सुखी आहे म्हणायची," मोठ्या बाई म्हणाल्या.

मावशीच्या हातात ट्रे तसाच राहिला. फार वर्षांपूर्वी या शाळेत चालू राहिलेल्या विजेच्या शेगडीने एक खोली जळाली होती. तेव्हापासून नवरा मेन स्विच बंद केल्याशिवाय कुलूप घालायचा नाही. तो हॉस्पिटलात पडला तेव्हा त्याच्याऐवजी ही शाळा बंद करून त्याच्याकडे जायची. शेवटच्या दिवशी त्याने विचारलं, "मेन बंद केलास का?" ही म्हणाली, केला. नवराबायकोचं शेवटचं बोलणं ते एवढंच.

तिला कुणी काही विचारलं नव्हतं. गप्प राहिली असती तरी चाललं असतं.

"मेन मी बंद करते," ती म्हणाली. "जाताना. रोज."

वायरवाल्याने कपाळाला हात लावला. "मावशी, दोनदा खांबावर चढलो मी."

"खाली उतरून विचारायचं होतंस."

मोठ्या बाई रागावल्या नाहीत. वायरवाल्याने सांगितलं की पेटीची तपासणी, दुरुस्ती मुख्य कचेरीतून रात्रीच होते, म्हणून ती अखंड चालू ठेवावी लागते. पेटीला वेगळी वायर ओढायची तर परवानगीला दोन महिने, आणि महिना संपायला दहाच दिवस. मोठ्या बाई एवढंच म्हणाल्या, "मावशी, वायर येईपर्यंत मेन चालू राहू दे."

त्या संध्याकाळी मावशीने एकेक दिवा, एकेक पंखा बंद केला. शेगडीची पिन काढून वायर गुंडाळून ठेवली. मेनपाशी हात आपोआप वर गेला. थोडा वेळ तिथेच राहिला. मग तिने तो पदराला पुसला आणि बाहेर येऊन कुलूप घातलं.

फाटकापाशी आल्यावर ती रोज मनात म्हणायची, केला. आज म्हणाली, "नाही केला." पुढे काही वाटेल म्हणून जरा थांबली. काही वाटलं नाही. घरी जाऊन चहा केला आणि प्यायली. गरम होता, बहुतेक.

पुढच्या महिन्यात पत्र आलं नाही. पेटी राहिली.