अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मोटार भरायला शिकलो

तेलगावच्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये मी लाइनमन म्हणून लागलो, तेव्हा आम्ही पाच जण होतो. एकदा वादळात तारा तुटल्या. एका घरची लेक लातूरच्या दवाखान्यात बाळंतपणाला गेली होती, आणि तिचा बाप दर तासाला येऊन आमच्या दारात उभा राहायचा. दुपारपर्यंत खांबावर लटकून मी जोड दिला. संध्याकाळी त्याच्या घरचा फोन वाजला. नातू झाला होता. गुळाचा पहिला खडा त्यानं माझ्या हातावर ठेवला. तेव्हा वाटलं होतं, हीच नोकरी जन्मभर करावी.

मग मोबाइल आले. दोघे निवृत्त झाले, एकाची बदली झाली, एकानं राजीनामा दिला. शेवटची सहा वर्षं मी एकटाच होतो. मुलीच्या कॉलेजसाठी बायको बीडला राहायची, मी इथं भाड्याच्या खोलीत. सकाळी हजेरीपटावर सही करायची आणि यंत्राच्या पंख्याची घरघर ऐकत बसायचं. आठ-आठ दिवस एक तक्रार यायची नाही. तपासणीच्या नावाखाली मी एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फोन लावायचो. घंटा वाजायची आणि उचलायला मीच उठायचो. पगार वेळेवर येत होता, त्यामुळं दुःख सांगायची सोय नव्हती.

एक दिवस माजलगाव रस्त्यावरच्या विहिरीवरच्या पाण्याच्या मोटारी दुरुस्त करणाऱ्या दुकानातली बाई आली. "साहेब, फोन काढून न्या. वापरतच न्हाई कुणी."

नवरा अपघातात गेल्यावर हे दुकान ती एकटी चालवत होती. मी फोन काढायला गेलो आणि तासभर तिथंच थांबलो. जळालेल्या मोटारीतली काळी तार उपसून ती नवी तांब्याची तार भरत होती. ओठांतल्या ओठांत वेढे मोजत होती. मध्ये बोललं तर उत्तर द्यायची नाही.

वेढे संपल्यावर मी विचारलं, "मला शिकवाल का?"

ती हसली. "सरकारी नोकरी सोडून हे काळं काम कावून करता?"

"सोडलेली नाही अजून. दिवसभर हाताला काही काम नसतं, बाई."

तिचं हसू थांबलं. "मंग उद्या सहाला या. पण मोजताना बोलायचं न्हाई."

वर्षभर संध्याकाळी जात राहिलो. पहिली मोटार स्वतः भरली ती उमापूरकडच्या एका शेतकऱ्याची, इकडं पाहुण्याकडं येताना त्यानं सोबत आणून दुरुस्तीला टाकलेली. दोन दिवसांत जळून परत आली. मी बाईंकडं पाहिलं.

"माझ्याकडं काय बघता? तुमीच सांगा त्यांना."

मी सांगितलं, चूक माझी. मी सगळी तार उपसून पुन्हा भरेपर्यंत तो समोर बाकावर बसून राहिला. ती मोटार चालली.

स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज भरला त्या दिवशी बायकोला फोन केला. ती म्हणाली, "या वयात? लोकं काय म्हणतील?" मग म्हणाली, "जेवलात का?"

शेवटच्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. निरोप द्यायला कुणी नव्हतंच. बीडचे अधिकारी फोनवर म्हणाले, "कुलूप लावा, चावी माणसाबरोबर पाठवून द्या." कार्यभाराच्या कागदावर देणाऱ्याच्या जागी मी सही केली, घेणाऱ्याची जागा कोरी राहिली. यंत्राच्या पंख्याचं बटण बंद केल्यावर खोलीत एवढी शांतता झाली की मी दोन मिनिटं खुर्चीत बसलो. मग उठून बाहेर आलो.

आता सकाळी नऊला दुकानात जातो. हाताची कातडी तारेवर लावायच्या वार्निशनं खडबडीत झाली आहे. उसाला पाणी द्यायच्या दिवसांत मोटारींची रांग लागते आणि दुपार कधी झाली ते कळत नाही. पण एकटेपणा गेला असं खोटं सांगणार नाही. आठला बाई लेकरांकडं जातात, मी खोलीवर येतो, एका माणसाचा भात लावतो. बायको महिन्यातून एकदा येते.

परवा तिनं फोनवर विचारलं, "बरं वाटतं का तिथं?"

"दिवस चांगला जातो," मी म्हणालो.

रात्रीचं तिनं विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही.